काशीवासी

उल्हास कुठंही निघाला की आधी यादी करतो. बँकेतला माणूस. विश्वनाथ झाला, सारनाथ झालं, नावेत बसून सगळे घाट झाले. "ताई, तोंड का पाडलंयस?" असं चारदा विचारून झालं. मेल्या, तुला सांगू तरी काय? यादीत शेवटी 'गुरुजींची वही' होती, आणि मला नेमकी तीच नको होती.

आमची आई, प्रभावती, एकोणपन्नास साली बाबांबरोबर काशीला आली. बाबा एकटेच परतले. "काशीवासी झाली," एवढंच म्हणाले. मी पाच वर्षांची, उल्हास तीन. वर्षाच्या आत नवी आई आली. मोठा झाल्यापासून उल्हास दर अविधवा नवमीला आईचं श्राद्ध घालतो. आणि गेल्या महिन्यात बाबा जाताना माझा हात धरून म्हणाले, "प्रभाला कळव." भ्रम असेल, म्हणून मी कुणाला बोलले नाही. पण तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

दुर्गाघाटावर ढुंढिराज गुरुजींनी वही उघडली. काशीला येऊन गेलेल्या आमच्या सात पिढ्यांची नावं त्यात होती. पणजोबांची मोडीतली सही बघून उल्हास हरखला. मग गुरुजींचं बोट खाली सरकलं. "सौ. प्रभावती, काशीवासी."

"हां, तिचंच पिंडदान करायचंय," उल्हास म्हणाला.

गुरुजींनी चष्मा काढला. "कुणाचं? अहो, काशीत राहतो तो काशीवासी. परवाच भाजी घेताना भेटल्या की. दूधविनायकाला असतात, गल्लीतलं शेवटचं दार."

उल्हास चपला न घालताच निघाला. मी मागून भिंत धरधरून चालले. जित्या आईला आम्ही पिंड देत होतो. इतकी वर्षं कुठं होतात म्हणाली तर कुठल्या तोंडानं बोलू? आणि हिला तरी एक पत्र घालता येऊ नये? राग येत होता, पण भीती त्याहून मोठी होती.

उल्हासनं कडी वाजवली. दार वीतभर उघडलं.

"कौन है?"

मीच म्हणाले, "आई, मी नंदा. हा उल्हास."

म्हातारीनं दार पुरतं उघडलं. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"झूठ," ती पुटपुटली. "देवी आल्या नि दोन्ही पोरं गेली. ह्यांचं पत्र आलं होतं मला."

मी हात पुढं केला. ती मागं सरून भिंतीला चिकटली. माझी आई मला भ्यायली होती.

"दरसाल गंगेत दोन दिवे सोडते ना तुमच्या नावानं?" तिनं हात जोडले. "अजून काय राहिलंय तुमचं, बाळांनो? सांगा, तेही करते."