कुणाचा उजवा?

लढाई पेटली होती विलायतेकडे आणि कुऱ्हाडी चालत होत्या वेल्ह्याच्या डोंगरात, असा त्रेचाळीस सालचा उफराटा कारभार. पेट्रोल लष्कराने पळवलं, मोटारी कोळशाच्या धुरावर चालू लागल्या, आणि त्या कोळशापायी डोंगरामागून डोंगर बोडके झाले. उरली होती काळकाईची देवराई. तिच्यावरही भोरच्या ठेकेदाराचा डोळा होताच. "झाडं द्या, मोटार तुमच्या शिवेपर्यंत आणतो," म्हणाला, आणि सगळा गाव पाघळला.

म्हातारी ठकुबाई तेवढी पाघळली नाही. देवराईतूनच झरा येई. त्यावर तिचं भाताचं खाचर पिके आणि गावाचे हंडे भरत. झाडं गेली की झरा गेला, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

देवीचं झाड तोडायचं तर आधी कौल लावायचा. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. देवीच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होकार, डाव्या खांद्यावरची पडली तर नकार. कोंडिबा गुरवाने गाऱ्हाणं घातलं. पाकळी पडली ती डावीच. ठकुबाईने गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेरून धडधडीत पाहिली.

"उजवा!" कोंडिबा ओरडला.

"कुणाचा उजवा रं? तुजा का देवीचा?" ठकुबाई कडाडली.

कोंडिबा मूर्तीकडे तोंड करून उभा. देवीचा डावा तो त्याचा उजवा. शेंबड्या पोरालाही कळावं. पण मोटारीच्या आशेने सगळे मूग गिळून बसले.

"काकी, बाईमानसानं कौलात बोलू न्हाई," कोंडिबा म्हणाला.

"आन् गुरवानं खोटं बोलावं व्हय, मुडद्या?"

दोन गड्यांनी तिला दंडाला धरून देवळाबाहेर काढलं.

महिनाभरात देवराईचा कोळसा झाला आणि बैलगाड्यांतून भोरला गेला. मोटार काही आली नाही. फाल्गुनात झरा आटला. चैत्रात देवीला आंघोळ घालायलाही पाणी नव्हतं, तेव्हा कोंडिबा तांब्या घेऊन ठकुबाईच्या दारात आला. ती नुकतीच दोन कोसांवरच्या नदीवरून हंडा घेऊन आली होती.

"देवीला देईन. तुज्या हातात थेंब देनार न्हाई."

हंडा कमरेवर घेऊन ती थेट गाभाऱ्यात शिरली. तिथं बाईने पाऊल टाकायची रीत नव्हती, पण अडवायला कुणाला तोंड होतं? तिने पाणी ओतलं, मूर्ती खसाखसा चोळली, आणि चोळता चोळता तिचा संताप देवीवरच उसळला.

"माजं त्वांड गावानं दाबलं. तुजं कुनी दाबलं हुतं गं?"