टाचीचा बाण

सुआमेच्या गॅरेजवस्तीत वोफा बोआदीच्या शेडचा एक नियम होता. गाडीचा भाग जो उतरवेल, त्यानेच तो परत चढवायचा. उतरवताना त्यावर खडूने बाण आखायचा, टोक गाडीच्या नाकाकडे. प्रत्येकाचा बाण वेगळा. सगळ्यात जुना मिस्त्री टाची, त्याच्या बाणाला शेपटीशी दोन रेघा असत, आणि त्या दोन रेघा दिसल्या की वोफा पुढचं काही तपासत नसे. वोफा म्हणजे मामा. म्हातारा खरा मामा कुणाचाच नव्हता, पण अख्खी वस्ती त्याला त्याच नावाने हाक मारी.

त्या शनिवारी संध्याकाळी वोफा कायमचा गावी निघणार होता, आणि जाताना शेडची किल्ली दोघा मिस्त्रींपैकी एकाच्या हातात ठेवणार होता. टाची बारा वर्षं त्याच्याकडे होता. एसुमान समुद्राकडचा, फांटी जमातीचा, येऊन चार वर्षं झालेली. बारा आणि चार यांत मोठं काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. तरी वोफा काही बोलत नव्हता, आणि टाचीला आठवडाभर जेवण जात नव्हतं.

कोको विकत घेणाऱ्या मॅडम पोमांची पिकअप शेडमध्ये उभी होती. टाचीने शुक्रवारी क्लच बदलून गिअरबॉक्स वर चढवला होता. त्याचा मागचा भाग अजून जॅकवर टेकलेला होता, आणि त्याखालचा क्रॉसमेंबर तेवढा लावायचा राहिला होता. क्रॉसमेंबर म्हणजे चासीच्या, गाडीच्या सांगाड्याच्या, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जाणारी जाड लोखंडी पट्टी. तिच्यावर फाउंडेशनचं रबर, आणि रबरावर गिअरबॉक्स. चार बोल्टांचं काम. टाचीने पानाही उचलला होता.

"बोआदी," बाकावर बसून पपई खाणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "हे एसुमानला करू दे. त्याचा हात हलका आहे. मागच्या खेपेला त्याने हात लावला, तर वर्षभर गाडी कुरकुरली नाही."

वोफाने मान डोलावली. "शिर रे एसुमान गाडीखाली."

"वोफा, उतरवलं मी आहे," टाची म्हणाला.

"मग काय झालं? बाण आहे ना तुझा? झालं तर."

बारा वर्षांत नियम पहिल्यांदा मोडला, आणि तोही एसुमानसाठी. टाचीच्या अंगाचा तिळपापड झाला. हलका हात म्हणे! हसून दोन गोड शब्द बोलले की हात हलका होतो. किल्ली कुठे जाणार ते त्याला आता स्वच्छ दिसत होतं.

एसुमान हात धुवायला नळावर गेला. मॅडम वोफाला पुतणीच्या लग्नाचं सांगत होत्या. टाची पट्टीपाशी वाकला, फडक्याने बाण पुसला आणि उलट्या दिशेला नवा आखला. हाताच्या सवयीने शेपटीशी दोन रेघाही ओढल्या.

एसुमान गाडीखाली शिरला. बाणाप्रमाणे पट्टी धरली, टोकांचे बोल्ट हातानेच दोन-दोन आटे फिरवले. आधी सगळे सैल, मग आवळायचे, तसंच. पण रबराच्या बोल्टाला पट्टीतलं भोक सापडेना. दोन बोटांचं अंतर पडत होतं. त्याने जॅक जरा खाली घेतला, वर घेतला, गिअरबॉक्सला खांद्याने रेटलं. अंतर तेवढंच.

"काय रे," टाची वरून म्हणाला, "हलका हात जड झाला वाटतं?"

त्याला इतकं बरं वाटत होतं की स्वतःचीच लाज वाटावी. पण ती वाटायच्या आधी त्याला त्या दोन रेघा आठवल्या. चुकीचा बाण त्याच्याच हातचा होता, हे वस्तीतलं आंधळंसुद्धा सांगेल. एसुमानने नुसती पट्टी बाहेर सरकवली असती, तरी वोफाने टाचीला त्याच पावली हाकललं असतं. दुसऱ्यासाठी खड्डा खणताना त्याने आत आधी स्वतःच उडी मारली होती.

गाडीखाली एसुमान पट्टी निरखत होता. सायलेन्सरच्या नळीने पट्टीच्या एका टोकाचा रंग करपवला होता, आणि बाण मानला तर ते करपलेलं टोक नळीपासून दूर जात होतं. एसुमानने पट्टीवरून बोट फिरवलं. बोटाला खडूची ताजी पूड लागली. मग बोल्ट सोडल्याचा आवाज आला, पट्टी फिरवल्याचा आला, आणि रबर जागेवर बसल्याचा.

"काय झालं होतं?" वोफाने विचारलं. "बाण चुकला?"

एसुमान बाहेर आला. पाठीला तेल लागलं होतं. "बाण बरोबर होता, वोफा. मीच उलटा वाचला."

वोफाने खिशातून किल्ली काढून टाचीच्या तळव्यावर ठेवली. "ज्याचा बाण चुकत नाही, त्याच्याकडे शेड," तो म्हणाला. "एसुमान, तू वाचायला शिक." मॅडम हसल्या.

वोफा मॅडमना सोडायला रस्त्यापर्यंत गेला, तेव्हा टाची एसुमानजवळ आला.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर त्याने तुला काढलं असतं." एसुमान साबणाने कोपरापर्यंत हात धूत होता. "मग इंजिनं कोण उघडणार होतं? मला जमत नाही ते. तुला जमतं."

एसुमान हे तोंडदेखलं बोलला असता, उपकार दाखवला असता, तर टाचीने त्याला तिथेच चार शिव्या हासडल्या असत्या. पण तो खरंच तसं मानत होता. बारा वर्षांत टाचीने दुसऱ्याच्या हाताबद्दल असं एकदाही म्हटलं नव्हतं. किल्ली मिळूनही मनातली आग गेली नव्हती, उलट तिला आता जाळायला चांगलं कोरडं लाकूड मिळालं होतं.

एसुमानने हात झटकले. "सोमवारी किती वाजता येऊ, मास्टर?"

वोफाशिवाय आजवर त्या शेडमध्ये कुणालाच कुणी मास्टर म्हटलं नव्हतं. टाचीने किल्ली मुठीत घट्ट धरली. त्याला वाटलं, धावत रस्त्यावर जावं आणि वोफाला सगळं सांगून टाकावं. तो जागचा हलला नाही.

"सातला," तो म्हणाला.