कागदावरची बारव

मार्गशीर्षातली सकाळ. ज्वारीच्या पानांवर दव, दवावर ऊन, आणि त्या हिरव्या रानाच्या मधोमध काळ्या पाषाणाची बारव, पायऱ्यांची चौकोनी विहीर. पायरीखाली पायरी, पायरीखाली पायरी, चारही बाजूंनी आत आत येत गेलेली. आणि तळाशी नखाएवढं, नीलमण्यासारखं पाणी.

कुणा अनाम पाथरवटानं जणू भूमितीच दगडात उतरवली होती. हंगरगे सरांचा रेखाटनाचा वर्ग म्हणूनच आज इथं भरला होता. फळ्यावर न मावणारी खोली त्यांना मुलांना दाखवायची होती.

काठावर शिवकांता बसली होती. मांडीवर फळी, फळीवर कागद. वहीत घडी घातलेला एक अर्ज: रेखाटन विषय सोडण्याबाबत. आधीची दोन चित्रं सरांकडून परत आली होती. हे तिसरं जमलं नाही, तर अर्ज आजच सरांच्या हातात द्यायचा, असं ती घरून ठरवूनच निघाली होती.

रेषा तिच्या अचूक होत्या. समांतर, सुबक, निःशंक. शाळेतल्या लाकडी ठोकळ्यांवर शिकली होती तशीच छायाही तिनं दिली: सूर्याकडची बाजू उजळ, पलीकडची गडद. मग कागद हातभर दूर धरून पाहिला. बारव नव्हतीच तिथं. पायऱ्यापायऱ्यांची एक टेकडी तेवढी उभी होती.

बालाजी मागून डोकावला. "शिवकांते, ह्या टेकडीवर चढून पाणी शेंदायचं का गं?"

वर्ग हसला. बारवही घुमून हसली.

तिचा हात वहीतल्या अर्जाकडे गेला. तेवढ्यात सर आले. त्यांनी कागद निरखला, बराच वेळ निरखला. चूक कुठे आहे ते सांगितलं नाही. एकही रेषा खोडू नकोस, एवढंच म्हणाले. आणि मग हलकेच, "खाली उतर. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना हात लावून ये."

वही-पेन्सिल घेऊनच ती उतरली. ऊन मागे राहिलं, आवाज मागे राहिले, पाण्याचा शेवाळी गंध वर आला. पूर्वेच्या दगडाला तिनं तळवा टेकला: गारठलेला, रात्रीइतका गार. पश्चिमेच्या दगडाला टेकला: कोवळा, उबदार, गाईच्या पाठीसारखा.

सूर्य पूर्वेला, आणि पूर्वेचीच भिंत गार.

ती तशीच पायरीवर बसली. ठोकळ्याला ऊन बाहेरून भेटतं, विहिरीला आतून. सूर्याला पाठ करून उभी असते ती त्याच्याच बाजूची भिंत. शिवकांतानं अर्ज काढला, त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर चिमुकला चौकोन आखला, आणि छाया उलटी दिली. चौकोन बुडाला.

मग वर येऊन मोठ्या कागदावर. रेषा त्याच, फक्त काळोख या काठावरून त्या काठावर गेला. आणि टेकडी एकेक पायरी खचत, उतरत, खोल होत गेली.

सरांनी तिच्या वहीवरचा तो अर्ज उचलून उलटून वाचला, पुन्हा उलटला, आणि चित्राची बाजू वर ठेवून तिच्या फळीला अडकवला. "लागलं पाणी," म्हणाले.

बालाजी आता हसत नव्हता. त्यानं एक खडा उचलला, तिच्या कागदावर अलगद धरला, आणि कान देऊन वाकला. सगळा वर्ग वाकला, खालून येणाऱ्या आवाजाची वाट पाहत.