ओव्हनमधलं कार्ड

“आई, आपला ओव्हन दोनशेपर्यंत तापतो का गं?”

राइलीच्या हातातला कप बशीवर आपटला. भर दिवसा यार्को स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, आणि त्याच्या हातात कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड होतं.

“काय झालं रे?”

“हे मेलं. स्क्रीनवर काहीच येत नाही.”

तिशी ओलांडलेला हा मुलगा खोलीबाहेर क्वचितच यायचा. सुटे भाग आणून स्वतः जोडलेल्या त्या कॉम्प्युटरवर तो खेळत बसे, आणि मित्र म्हणून जे कोणी होते ते त्या खेळातच. गेल्या हिवाळ्यात तो कॉम्प्युटर असाच बंद पडला, तेव्हा यार्को न सांगता निघून गेला आणि गोठलेल्या नदीवर अनवाणी सापडला. तेव्हापासून जिन्यात भेटणारे शेजारी राइलीशी जरा जास्तच हळू आवाजात बोलत.

“नवीन आणू या.”

“केमीसारख्या लहान गावात कुठे मिळतंय? मागवलं तर आठवडा जाईल. हे भाजून बघतो.”

“भाजून? अरे, पाव आहे का तो?”

“आतले सोल्डरिंगचे टाके सुटतात. तापले की परत धरतात. सगळेच करतात. फक्त नंतर त्या ओव्हनमध्ये खायचं काही करायचं नाही. वाफ विषारी असते.”

“मग माझा पुल्ला?”

शनिवारी पुल्ला, म्हणजे वेलचीचा गोड पाव, भाजल्याशिवाय राइलीचा आठवडा संपत नसे.

“गेला चुलीत पुल्ला,” ती म्हणाली. “ठेव ते आत.”

खिडक्या सताड उघडून दोघं कोट घालून बसली. काळ्या पावाला लोणी फासता फासता यार्को बोलू लागला. खेळातल्या मित्राला, पोर्तुगालच्या नुनोला, मुलगी झाली होती. यार्को नसला की नुनोची टोळी हमखास हरते म्हणे. वर्षभरात तो इतका बोलला नव्हता. राइली श्वाससुद्धा जपून घेत होती, न जाणो, गप्प व्हायचा.

ओव्हनची घंटी वाजली. त्याने ओव्हन बंद करून दार हलकेच किलकिलं केलं.

“आता गार होईपर्यंत हात लावू नकोस. टाके अजून पातळ आहेत. ट्रे हलला की संपलं.”

तो कॉम्प्युटरचं टेबल आवरायला आपल्या खोलीत गेला. राइली ओव्हनसमोर एकटी उरली. नुसता कोपर लागला तरी पुरे होता. कार्ड कायमचं गेलं असतं, आणि मुलगा असाच समोर बसून बोलत राहिला असता. की पुन्हा नदीवर गेला असता? तिला स्वतःच्याच हातांची भीती वाटली. दोन्ही हात कोटाच्या खिशात खुपसून ती मागे सरकली आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली.

कार्ड गार झालं. यार्को ते घेऊन गेला.

“आई, आलं गं! चित्र आलं!”

खोलीचं दार लागलं. ती दारापाशी गेली.

“किती टिकेल रे?”

“महिनाभर. फार तर दोन.”

“आणि मग?”

त्याने कानांवर हेडफोन चढवले असावेत. आत तो कुणाला तरी काही सांगून मोकळेपणाने हसला. ते हसू तिच्यासाठी नव्हतं. तरी ते थांबेपर्यंत राइली दाराबाहेर उभी राहिली.