सैल झाकणं

सकाळपासून आईच्या पायाला भिंगरी लागली होती. ओटा पुसून झाला, पुन्हा पुसला. खिडकी उघडली, वारा येतो म्हणून लावली, कोंदट वाटतंय म्हणून परत उघडली. शेवटी लेक वैतागली.

"आई, बस ना गं एका जागी! पाहुणे येणारेत की वादळ?"

लेकीला घरात सगळे बाईसाहेब म्हणत, कारण हुकूम सोडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिशी कधीच उलटली होती. जन्मापासून उजवा हात धड वळत नव्हता, आणि डोक्यात एका वेळी एकच गोष्ट राहायची; दुसरी आली की पहिली बाहेर. पण त्या एका गोष्टीच्या मागे बाईसाहेब अशा हात धुऊन लागायच्या की बघणाऱ्यालाच घाम फुटावा.

येणार होत्या तपासनीस बाई. सरकारच्या डोक्यात सुधारणा शिरली होती. सुधारणा म्हणजे काय, तर ज्याला स्वतःपुरतं खायला-प्यायला करता येतं त्याला घरी मदतनीस कशाला? प्रस्ताव अजून पक्का व्हायचा होता, पण तपासण्या आधीच सुरू झाल्या होत्या. द्यायच्या वेळी वर्षं लावणाऱ्यांना काढून घ्यायची भारी घाई. बाईसाहेबांजवळ रोज सरकारने दिलेली एक मदतनीस बाई थांबायची, आई गणवेशाच्या कारखान्यात काजं-बटणं करून परत येईपर्यंत. मदतनीस बंद झाली तर आईची नोकरी बंद. आणि मग दोघींनी खायचं काय, हा प्रश्न आई स्वतःलाही विचारत नव्हती.

आईच्या भावाने फोनवर बजावलं होतं, "पोरीला पढवून ठेव. काहीही विचारलं तरी जमत नाही म्हणायचं."

"मी नाही पढवणार. जन्मभर तिला जमतं, जमतं म्हणून वाढवलं आणि आता हे सांगू?"

"मग बस तत्त्वं चघळत."

तत्त्वांचं आईला काही पडलं नव्हतं. लेकीला खोटं बोलता येत नव्हतं, एवढंच. खरं काय ते दिसेलच की, अशी तिने मनाची समजूत घातली होती. आज तिने रजा टाकली होती, आणि मदतनीस बाईला उशिरा यायला सांगितलं होतं.

तपासनीस बाई वेळेवर आल्या. वयाने लेकीपेक्षाही लहान, आणि बोलायला इतक्या गोड की आईला धड रागही येईना. दोन-चार प्रश्न विचारून त्या म्हणाल्या, "आता जरा चहा करून दाखवाल? आणि आई, तुम्ही इथेच बसा हं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही."

बाईसाहेब उठल्या. आईने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, तरी बोटं शिवशिवत होती.

पातेलं शेगडीवर होतं, मापाचं पाणी भरलेलं. बाईसाहेबांनी डाव्या हाताने बटण फिरवलं. साखरेचा डबा छातीशी धरला, आणि एका बोटाने झाकण निघालं. चहाच्या डब्याचंही तसंच. दूध छोट्या भांड्यात काढलेलं. कप अगदी हाताशी, गाळणी कपावर बसवलेली. बाईसाहेबांनी जीभ दातांत धरून चहा ओतला. एक थेंब सांडला नाही.

"घ्या. साखर कमी वाटली तर सांगा, लाजू नका."

आईचा ऊर भरून आला. बघा म्हणावं, माझी लेक! तेवढ्यात तपासनीस बाईंनी मांडीवरच्या टॅब्लेटवर बोट टेकवलं आणि हसून म्हणाल्या, "वा! अजिबात मदतीशिवाय."

आईची नजर ओट्यावरच्या डब्यांकडे गेली.

झाकणं सैल कुणी करून ठेवली होती? पाणी कुणी भरलं होतं? तिनेच, सकाळी उठल्या उठल्या, दात घासावेत तसं. इतक्या वर्षांत तिला हे काम वाटलंच नव्हतं. मदतनीस बाईलाही तिने हेच शिकवलं होतं, की लेकीच्या पुढेपुढे करायचं नाही, आधीच करून ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. आणि नेमकं आज, सगळं उघडं पडायला हवं होतं तेव्हा, तिने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला होता. अशा वेळी माणसाने स्वतःला शिव्या तरी किती द्याव्यात!

"बघितलंस ना आई? सगळं मी केलं!" बाईसाहेबांचा चेहरा असा उजळला होता की आईला तिकडे बघवेना.

तपासनीस बाईंचा चहा संपत आला होता.

"आपण जरा बाहेर बोलू या का?" आईने विचारलं.

"सॉरी, जे काही आहे ते त्यांच्यासमोरच बोलावं लागतं. नियम आहे."

नियम चांगलाच होता. हीच तर पंचाईत होती.

"झाकणं मी सैल करून ठेवते," आई एका दमात म्हणाली. "पाणी मी भरते. दूध मी काढते. रोज. ती उठायच्या आधी."

तपासनीस बाईंनी कप खाली ठेवला. उठून साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा बाईसाहेबांपुढे सरकवला. "आता उघडता येईल?"

बाईसाहेबांनी डबा छातीशी धरला. आधी बोट लावलं, मग पंजा, मग चक्क दात. डबा निसटला आणि फरशीभर साखर झाली. त्या रडल्या नाहीत. नुसत्या आईकडे बघत राहिल्या. आई जागची हलली नाही. जन्मात तिला काही इतकं जड गेलं नव्हतं.

"मी आधीचं बदललंय," जाताना तपासनीस बाई दारात म्हणाल्या. "मदत चालू ठेवावी असं लिहिते. पुढे प्रस्तावाचं काय होईल ते माझ्या हातात नाही."

आई साखर गोळा करायला बसली.

"आंघोळीचं पाणी?" मागून आवाज आला.

"मीच. गरम-गार करून ठेवते."

"माझी बटणं?"

"काजं मोठी केलीत मी."

"पत्त्यांत मी जिंकते, ते?"

"हरते मी. मुद्दाम."

"मामा पण?"

"मामा पण."

मग बाईसाहेबांनी विचारलं, "बेकरीतून पाव आणते मी. मागून येतेस?"

"नाही गं!" आई गर्रकन वळली. "पाव तू एकटीच आणतेस. तुझी शपथ. मी कधी मागून आले नाही, बेकरीवाल्यालाही काही सांगितलेलं नाही."

हे अक्षरन् अक्षर खरं होतं. बाईसाहेबांनी खुंटीवरची पिशवी घेतली आणि त्या बाहेर पडल्या.

आई खिडकीशी धावली. रस्ता सरळ होता, थेट बेकरीपर्यंत दिसणारा. बाईसाहेब चार पावलं टाकायच्या आणि मागे वळून बघायच्या. पुन्हा चार पावलं, पुन्हा मागे. एक सायकलवाला त्यांना चुकवून काहीतरी ओरडून गेला, तरी त्यांचं लक्ष मागेच. मग त्यांची नजर हळूहळू वर, खिडकीकडे यायला लागली, आणि आई झटकन बाजूला झाली. भिंतीला पाठ लावून ती उभी राहिली. लेक बेकरीपर्यंत पोचली की नाही, हे आता तिला बघता येत नव्हतं.