खांबाच्या अलीकडचं टेबल

आत्या शुक्रवारी निवृत्त झाली आणि रविवारी दुपारी आम्ही तिला बाहेर जेवायला नेलं. एकतीस वर्षं तिने एका मोठ्या रुग्णालयाचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं. रोज दोन वेळची मिळून आठशे ताटं. त्यात बिनमिठाची वेगळी, बिनसाखरेची वेगळी, आणि दात नसलेल्यांची तर फारच वेगळी. हाताखालची माणसं तिला पाठीमागे 'कुकर' म्हणत, कारण तिसऱ्या शिट्टीनंतर तिच्याजवळ उभं राहण्यात काही अर्थ नसे.

हॉटेल माझ्या बायकोने निवडलं. एकाच नावाच्या शेकडो शाखा असलेल्या साखळीतलं ते एक.

"आत्या, यांच्याकडे कुठल्याही गावी जा, चव तीच," बायको म्हणाली. तिने हे कौतुकाने सांगितलं होतं, एवढं इथे नमूद करतो.

आत लाल रेक्झिनच्या खुर्च्या होत्या आणि भिंतीवर हसणाऱ्या टोमॅटोचं माणसाएवढं चित्र. आत्याने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "याला एवढं हसायला काय झालं?" तिने विचारलं.

आमच्याबरोबर आतोबा होते, म्हणजे आत्याचे यजमान. त्यांना कानाने जरा कमी, आणि जिभेने त्याहून कमी. पुढ्यात येईल ते खायचं आणि शेवटी 'छान होतं' म्हणायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. कुकरशी संसार करायचा तर माणसाच्या अंगी एवढा गुण हवाच.

ऑर्डर घ्यायला आलेला वेटर चाळिशीचा असेल. खांदे पडलेले, आणि घरात कोणी गेल्याची बातमी आल्यावर लगेच हसायला सांगावं, तसा चेहरा. आम्ही चार सूप, भाजलेली कोंबडी आणि कुस्करलेला बटाटा, आणि पास्ता सांगितला. त्याने सगळं लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं आणि झुलत्या दारातून आत गेला तो गेलाच.

अर्धा तास झाला. हॉलच्या मधोमध एक जाड खांब होता. आम्ही खांबाच्या अलीकडे. पलीकडे एक वेट्रेस होती, पायात चाकं असल्यासारखी फिरत होती. आमच्यानंतर आलेली माणसं तिच्या बाजूला बसली, जेवली आणि दात कोरत निघूनही गेली. अलीकडे मात्र आम्हीच नव्हे, चारही टेबलांवरची मंडळी झुलत्या दाराकडे डोळे लावून बसली होती. एका टेबलावरच्या आजोबांनी तर भुकेपोटी मेनूकार्ड मागून पुढून पाठ केलं होतं.

शेवटी सूप आलं. वेटरने चार वाट्या ठेवल्या, 'सॉरी' म्हणाला आणि पुन्हा गुप्त झाला. सुपावर साय धरली होती. आत्याने वाटीला हाताची मागची बाजू लावली, ताप बघतात तशी.

"हा पेशंट गेलेला आहे," ती म्हणाली.

आतोबांनी आपली वाटी संपवली आणि तिचीही ओढून घेतली.

"अगं, ती बाई कशी पळतेय बघ," आत्या माझ्या बायकोला म्हणाली. "तिला सांगून बघ."

बायकोने हात केला. वेट्रेस खांबापर्यंत आली आणि तिथेच थांबली, जणू पुढे परक्याची जमीन. "तुमचे दादा येतील हं," ती गोड हसून म्हणाली. "माझा भाग खांबापर्यंतच आहे."

आत्याने खांबाकडे पाहिलं, मग टेबलाकडे. टेबल हलकंच होतं. "उचला," ती म्हणाली.

"आत्या, लोक बघतायत," मी म्हणालो.

"बघू देत. त्यांना तरी दुसरं काय मिळालंय इथे?"

आम्ही टेबल एक फूट सरकवलं. मग खुर्च्या. पाच मिनिटांनी आणखी एक फूट. आतोबांना वाटलं ऊन टाळायला चाललंय, म्हणून तेही मनापासून हातभार लावत होते. तिसऱ्या खेपेला टेबलाचा एक पाय फरशीच्या फटीत अडकला आणि आम्ही अगदी सीमेवर रुतलो. आतोबा आणि बायको खांबापलीकडे, मी आणि आत्या अलीकडे.

वेट्रेस आली. तिने आतोबांच्या आणि बायकोच्या पुढ्यात गरम पाव ठेवला, लोणी ठेवलं, पाणी ओतलं. मी पावाकडे हात नेला तसा तिने तो अलगद आतोबांकडे सरकवला. बाई वाईट नव्हती, नियमाची पक्की होती. मग तिने कोणा भलत्याचाच तळलेला मासा आतोबांपुढे ठेवला. तो मागवलेला नाही हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत अर्धा मासा संपला होता.

एवढ्यात मॅनेजर आला. तिशीच्या आतला, टाय लावलेला, हातात टॅब. त्याने टॅबकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं.

"हे टेबल बारा आहे ना?" तो म्हणाला. "मॅडम, बारा नंबर कुठेही गेला तरी तो त्यांच्याच भागात धरला जातो. सिस्टिममध्ये तसंच आहे."

"बरं," आत्या म्हणाली. "मग 'ते' कुठे आहेत?"

मॅनेजरने टॅबवर बोट फिरवलं. टॅबला ते ठाऊक नसावं. त्याने नजर टोमॅटोकडे वळवली.

पहिली शिट्टी झाली हे मला कळलं. आत्या उठली आणि झुलतं दार ढकलून आत गेली. मॅनेजर तिच्यामागे, आणि बायकोने डोळ्यांनी ढकलल्यामुळे मी त्याच्यामागे.

आत एकच आचारी होता, दोन मायक्रोवेव्ह, आणि भिंतीला टेकलेला ताटांचा डोंगर. त्या डोंगरापुढे आमचा वेटर कोपरापर्यंत फेसात बुडून भांडी घासत होता. मागच्या फळीवर आमची कोंबडी बटाट्याशेजारी गारठत पडली होती. तिच्या बाजूला अलीकडच्या चारही टेबलांची ताटं ओळीने थिजत होती.

"हे काय?" आत्याने विचारलं.

"भांडी घासणारे दोघे आज आले नाहीत," वेटर म्हणाला. त्याने हात फेसातून काढलेही नाहीत. "दहा भांडी झाली की एक टेबल, असं चाललंय."

"आणि ती बाहेरची बाई?"

"तिला विचारलं होतं. ती नाही म्हणाली."

"आणि तू?"

वेटरने जरा विचार केला. "मला विचारलं नाही. नुसतं सांगितलं."

मॅनेजर सांगू लागला की वरून माणसं कमी दिली आहेत, त्याचा अहवाल पाठवला आहे, अहवालाला अजून उत्तर नाही.

"टाय काढ," आत्या म्हणाली.

तो हसला. तिसरी शिट्टी त्याला ऐकू आली नसावी. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि टाय काढला. आत्याने खुंटीवरचा रबरी एप्रन त्याच्या गळ्यात अडकवला आणि त्याला डोंगरापुढे उभं केलं. वेटरला हात पुसायला लावले, तोंडावर पाणी मारायला लावलं. मग ती फळीसमोर जाऊन उभी राहिली. शुक्रवारपर्यंत रोज उभी राहायची, अगदी तशी.

"हे कुठल्या टेबलाचं? नऊ. आधी गरम कर, मग ने. पळू नकोस, चाल. पळणारा सांडतो. तू रे," हे आचाऱ्याला, "एकदम सहा कशाला टाकतोस? दोन-दोन टाक."

आचारी मुकाट्याने दोन-दोन टाकू लागला. वेट्रेस ताट न्यायला आत आली. भांड्यांपुढे मॅनेजरला पाहून ती तिथेच थबकली.

"या कोण?" तिने हळूच आचाऱ्याला विचारलं.

"विचारू नकोस," आचारी म्हणाला. "चाललंय ते चालू दे."

पाऊण तासात अलीकडची बाजू जेवायला लागली. पाठांतरवाल्या आजोबांना मागवलेलं सगळं मिळालं. वेटर ताठ चालू लागला होता. चार टेबलांमधून दोन्ही हातांत चार ताटं घेऊन तो वळला, तेव्हा याला हे काम उत्तम येतं हे दिसलं.

मग आत्याने पातेल्यातलं सूप चाखलं आणि तिचा चेहरा पडला.

"मिरपूड दे," ती म्हणाली. "लिंबू असेल तर लिंबू."

"काही घालता येत नाही," आचारी ओशाळून म्हणाला. "सगळं पिशव्यांतून तयार येतं. कंपनीचा हुकूम आहे, चव सगळीकडे तीच राहिली पाहिजे."

"कुठलीच नसली की तीच राहते," आत्या म्हणाली. चमचा ठेवून ती बाहेर आली.

आमचं जेवण आलं, वाफाळतं. कोंबडी ओल्या पुठ्ठ्यासारखी लागत होती, पास्त्याला पास्ता असल्याची स्वतःलाच खात्री नव्हती. मघाशी गार आणि बेचव होतं, आता गरम आणि बेचव. आम्ही भुकेपोटी सगळं खाल्लं. आत्याने कोंबडीचे चार घास घेतले आणि ताट सरकवलं. तिचा चेहरा लाल झाला होता, केस कपाळाला चिकटले होते, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच ती नीट टेकून बसली होती.

"छान होतं," आतोबा म्हणाले.

मॅनेजर आला तो बाह्या ओल्या, टाय खिशात. "मॅडम, दर रविवारी याल का?" त्याने विचारलं. आवाजात मघाचा टॅब उरला नव्हता. "मी वर बोलतो."

"एकतीस वर्षं मी बेचव अन्न वाढलं," आत्या म्हणाली, "पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून. तुझ्याकडे कुठल्या डॉक्टरची चिठ्ठी आहे?"

त्याने खिशातला टाय आणखी आत दाबला.

दारापर्यंत वेटर पोचवायला आला. आत्याने त्याच्याकडून पेन घेतलं आणि पेपर नॅपकिनवर रुग्णालयाच्या स्वयंपाकघराचा नंबर लिहिला. "माझ्या जागी आलेली बाई जरा तापट आहे," तिने बजावलं. आम्ही तिघांनीही खाली पाहिलं. "भांडी तिथेही घासावी लागतील. पण पाळी लावून." त्याने नॅपकिन घडी घालून खिशात ठेवला. पंधरा दिवसांनी तो तिथे रुजू झाल्याचं कळलं. आत्याने स्वतः मात्र तिकडे फोन केला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, नव्या बाईला वाटायचं मी लुडबुड करते.

त्या दुपारी परतताना गाडीत आत्या तोंड उघडं टाकून झोपली. आतोबा मला हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मते हळू आवाजात, सांगू लागले की शनिवारी आणि आजही ती पहाटे चारला उठली. अंघोळ करून, साडी नेसून, स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिली.

"काय करत होती?" बायकोने विचारलं.

"काहीच नाही," आतोबा म्हणाले. "आठ माणसांचे कांदे चिरले तिने. आम्ही तर दोघंच."

सोमवारी दहाला मी फोन केला तर तो आतोबांनी उचलला. आत्या साडेआठपर्यंत झोपली होती, आणि जन्मात पहिल्यांदा चहा त्यांनी केला होता.

"कसा झाला?" मी विचारलं.

मागून आत्याचा आवाज आला. "भयंकर," ती म्हणाली, आणि आतोबांना आणखी अर्धा कप ओतायला सांगितलं.