काचेमागचा सतरा नंबर

"या काचेवर बोटं कोण उमटवतं, देव जाणे. रोज पुसा आणि रोज हेच. चिकट बोटं, आणि तीही नेमकी आकड्यावर!"

व्हर्ना माझ्या नाकासमोर फडकं फिरवत पुटपुटत होती. नाक मला नाही, पण असतं तर काचेला टेकून चपटं झालं असतं, इतकी कमी जागा आहे इथं.

मित्रांनो, मी एक जुनी जर्सी आहे. गडद निळी, छातीवर आणि पाठीवर पांढरा सतरा. अमेरिकेत मोनोंगहेला नदीच्या काठी, बंद पडलेल्या पोलाद कारखान्यासमोर 'सतरा' नावाचंच एक हॉटेल आहे. त्याच्या भिंतीवर लाकडी चौकटीत, काचेमागे, चार कोपऱ्यांत चार स्क्रू मारून मला बसवलं आहे. व्हर्ना या हॉटेलची मालकीण. तिचा नवरा लॅडी मिहालिक माझा मालक. एके काळी या सगळ्या खोऱ्याचाच तो मालक होता म्हणा ना.

माझा जन्म एका विणकामाच्या कारखान्यात झाला. ज्या बाईनं माझे आकडे शिवले, तिला शेजारणीनं विचारलं, "कुणासाठी गं?"

"कुणी मिहालिक म्हणून नवा पोरगा आहे. क्वार्टरबॅक."

"टिकायचा नाही," शेजारीण म्हणाली आणि दातानं दोरा तोडला. असं माझं बारसं झालं.

क्वार्टरबॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्याच्या हातात चेंडू सगळ्यांत आधी येतो आणि ज्याच्या अंगावर समोरचे सगळे एकदम धावून येतात, तो. पळायला वाट नसते, विचार करायला वेळ नसतो, आणि चूक झाली की ती सगळ्या शहराला दिसते. पहिल्या वर्षी लोकांनी लॅडीवर बर्फाचे गोळे फेकले. लॅडीवर म्हणजे माझ्यावरच. बिअरही ओतली. त्याचा बाप भट्टीवर कामाला होता. भट्टीवरची माणसं त्याला म्हणायची, "तुझ्या पोराला इकडेच आण. निदान फावडं तरी नीट धरेल." तरी रविवारी बाप वरच्या शेवटच्या रांगेत येऊन बसायचा, टोपी कपाळावर ओढून.

लॅडीला सावरलं बॉयडनं. बॉयड हा संघाचा सेंटर. लॅडीपुढे वाकून दोन पायांमधून चेंडू त्याच्या हातात देणारा. दिसायला कपाटासारखा, मनानं लोण्यासारखा. लॅडी आडवा झाला की बॉयड माझी कॉलर धरून त्याला उभा करायचा आणि म्हणायचा, "ऊठ लेका, तुझ्या सासूबाई बघताहेत." माझी कॉलर अजून एका बाजूनं ताणलेली आहे ती त्यामुळेच.

मग दिवस पालटले. लॅडी उभा राहिला की साठ हजार माणसं श्वास रोखून बसायची. विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात चिखल गोठून दगडासारखा झाला होता. प्रशिक्षकांनी बाहेरून एक चाल सांगितली आणि लॅडीनं आयत्या वेळी ओरडून ती बदलली. गलका एवढा होता की ते फक्त बॉयडला ऐकू गेलं. बॉयडनं चेंडू दिला, दोन राक्षस लॅडीच्या अंगावर आले, माझी बाही टरकली, आणि त्याच क्षणी त्यानं चेंडू दूर फेकला. तो कुठे पडला हे लॅडीनं पाहिलंच नाही, तो चिखलात पालथा होता. गर्जना ऐकून त्याला कळलं, आपण जिंकलो. तो चिखल अजून माझ्या छातीवर आहे. कुणी मला धुतलं नाही, कारण डाग मौल्यवान आहेत म्हणे. व्हर्नाला विचारा, सोडा आणि गरम पाण्यानं मला एकदा खळखळून काढावं म्हणून तिचे हात किती वर्षं शिवशिवताहेत.

शेवटची दोन वर्षं लॅडी दुसऱ्या शहरासाठी खेळला, दुसऱ्याच जर्सीत. त्या सवतीबद्दल मी बोलणार नाही. ती माळ्यावर खोक्यात आहे. बरंच झालं.

मग त्यांनी माझा नंबर निवृत्त केला. यापुढे त्या संघात सतरा नंबर कुणीही घालायचा नाही, असा तिथला मान. बँड वाजला, भाषणं झाली. माणूस निवृत्त झाला की घरी जाऊन पाय पसरून बसतो. मला निवृत्त केलं आणि काचेत कोंडलं. ना वारा, ना घाम, ना कुणाचा हात. कौतुक करणारे काचेवर बोट ठेवतात, माझ्यापर्यंत कुणी पोचत नाही. मित्रांनो, कुणाला एवढं मोठं करायचं असेल तर खुशाल करा, पण चौकटीला मागून एक फट ठेवा. आतल्याला हवा लागते.

हे मी माझ्यापुरतं बोलत होते. पण समोरच्या टेबलाशी लॅडीला बसलेला बघून हळूहळू माझ्या ध्यानात आलं की तोही कुठल्याशा काचेमागेच आहे.

रोज दुपारी गिऱ्हाइकं कोबीचे भरलेले मुटके खाता खाता म्हणायची, "लॅडी, तो चेंडू सांग ना!" आणि लॅडी सांगायचा. गेल्या हिवाळ्यापासून मात्र तो मध्येच थांबू लागला. "मग मी चाल बदलली, आणि..." एवढं म्हणून तो आपल्या हाताकडे बघत राहायचा. बॉयड शेजारी असायचाच. "आणि मला म्हणाला, जाड्या, दे लवकर!" असं म्हणून तो गाडी पुढे ढकलायचा. एकदा लॅडीनं अगदी खरेपणानं विचारलं, "आपण जिंकलो का रे?" सगळं हॉटेल खो खो हसलं. काय विनोदी माणूस! एकानं तर टेबलावर हात आपटला. लॅडीनं इकडे तिकडे पाहिलं आणि मग तोही हसला, उशिरा.

बॉयड हसला नाही. व्हर्ना भांडी घासायला आत गेली. त्या वेळी घासायला भांडी नव्हती.

असं कुणी काही बोलायचंच नाही. मुलगी डेनिस म्हणायची, "डॅड दमलेत." व्हर्ना म्हणायची, "त्याला नीट ऐकू येत नाही हल्ली." बॉयड म्हणायचा, "वय झालंय, माझंही झालंय." खरा शब्द प्रत्येकाच्या ओठांपर्यंत यायचा आणि कॉफीबरोबर परत आत जायचा.

अशात संघाचा माणूस आला. क्रेग त्याचं नाव. टाय, चकचकीत बूट. "मिहालिक साहेब, त्या सामन्याला पन्नास वर्षं झाली. येत्या रविवारी मैदानाच्या मधोमध तुम्ही एकटे उभे राहायचं. हीच जर्सी घालून. चार शब्द बोलायचे आणि एक चेंडू फेकायचा. बस्स!"

"त्याला थंडी बाधते," व्हर्ना म्हणाली.

"आत गरम कपडे घालू, मॉम," डेनिस म्हणाली. "लोक किती खूश होतील!"

लॅडी म्हणाला, "हो, हो." अलीकडे तो सगळ्यालाच हो म्हणायचा.

सोमवारी हॉटेल बंद असतं. त्या दुपारी रंगीत तालीम ठरली, क्रेग आणि डेनिसही आले. बॉयडनं स्क्रू काढले, काच बाजूला झाली आणि किती वर्षांनी माझ्या अंगाला हवा लागली! तळलेल्या कांद्याचा वास, नदीची ओल. मला वाटलं, सुटले.

व्हर्नानं मला हुंगलं आणि नाक मुरडलं. "शी! हे घालणार तो?"

"इतिहास आहे तो," क्रेग म्हणाला.

"इतिहासाला घरात धुतात आमच्याकडे," व्हर्ना म्हणाली.

त्यांनी मला लॅडीच्या डोक्यावरून घातलं. त्याला बाही सापडेना. व्हर्नानं लहान मुलाला घालावं तसा त्याचा हात धरून आत घातला. आणि मित्रांनो, ज्या छातीवर मी ताणून बसायचे, तिथं आता मी दोरीवर वाळत घातल्यासारखी लोंबू लागले. काचेत असताना मला निदान आकार तरी होता.

क्रेगनं त्याच्या हातात चेंडू दिला. बोटं आपोआप चेंडूच्या शिवणीवर गेली, अगदी जिथल्या तिथं. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. "बघा! मी म्हटलं नव्हतं?" डेनिस म्हणाली.

"कमाल! आता फेका, साहेब, हळूच. माझ्याकडे."

लॅडीनं हात मागे नेला आणि तसाच धरला. त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग भिंतीवरच्या माझ्या रिकाम्या चौकटीकडे.

"कुठल्या बाजूला?" त्यानं विचारलं.

झालं. सगळे एकदम त्याच्याभोवती गोळा झाले आणि एकदम बोलू लागले.

"मस्करी करताहेत डॅड, नेहमीची सवय!"

"इथं उजेडच कमी आहे, दिवे लावा कुणीतरी."

"मैदानात बाणाची खूण करून देऊ, काही अडचण नाही."

"त्याचा चष्मा कुठंय? अरे, चष्मा द्या त्याला."

"गप्प!" बॉयड ओरडला. इतक्या वर्षांत तो ओरडलेला मी ऐकला नव्हता. "सगळे गप्प बसा. खेळताना असं रिंगण केलं, की त्यात फक्त क्वार्टरबॅक बोलतो. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. पाहिजे तेवढा वेळ घे, लॅडी."

लॅडीनं एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डेनिसनं मान खाली घातली. क्रेग बुटांकडे बघू लागला. माझ्या कापडाखाली त्याचं काळीज धाडधाड उडत होतं. दोन राक्षस अंगावर येतानाही ते असं उडालं नव्हतं. मग त्यानं चेंडू बॉयडच्या हातात दिला, व्हर्नाचा हात धरला, आणि चाल सांगताना बोलायचा तसा हळू, पण स्वच्छ बोलला.

"मला आठवत नाही गं आता. बरेच दिवस झाले. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, आणि तुम्हाला माहीत आहे हे मलाही माहीत आहे. मला त्या मैदानात एकट्याला उभं करू नका."